सर्वांत कमी कचऱ्याचं घर

शिंपीणकाकूंची कचऱ्याची बादली हलकी झाली ती काका गेल्यापासून. काका अंथरुणाला खिळले होते तोवर ती रोज ओसंडून वाहायची. औषधांची वेष्टनं, डायपर, दुधाच्या पिशव्या आणि वर मशीनखालच्या चिंध्या. आता शिवणकाम बंद होतं. काकू काहीतरी उकडून घ्यायच्या आणि एकच ताटली विसळायच्या.

नेमकी तेव्हाच सोसायटीने स्पर्धा काढली. सफाईवाल्या बाई घरोघरचा कचरा तोलणार, आणि ज्या घराचा सगळ्यात कमी त्याला बक्षीस. लिफ्टपाशी नोटीस लागली होती म्हणे. पण उभं राहून काही वाचावं असं काकूंना बरेच दिवस वाटलं नव्हतं.

एका रविवारी सेक्रेटरी दारात येऊन उभे राहिले. चेहरा नुसता फुललेला.

"काकू, अख्ख्या इमारतीत तुमचा पहिला नंबर!"

"कशात?"

"कचऱ्यात!" ते म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, कचरा न करण्यात."

संध्याकाळी हॉलमध्ये कार्यक्रम झाला. बक्षीस म्हणून ओल्या कचऱ्याचं खत करायचं हिरव्या झाकणाचं पिंप दिलं. सेक्रेटरींनी माइक काकूंच्या हातात कोंबला. "सांगा की, काय युक्ती केलीत?"

काकूंनी खरंच आठवून पाहिलं. "युक्ती काही नाही," त्या म्हणाल्या. "घरात कोणी नाही."

पुढच्या रांगेतले दोघे-तिघे हसले आणि मग गप्प झाले. सेक्रेटरींनी घाईघाईने टाळ्या वाजवायला घेतल्या. काकूंना वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. पिंप तेवढं हाताला जड लागलं.

ते बाल्कनीत तसंच रिकामं पडून राहिलं. एका सकाळी खालच्या मजल्यावरची चार पोरांची आई बेल वाजवून आली. हातात सालींनी भरलेलं पातेलं.

"काकू, राग नका मानू. तुम्ही ते पिंप वापरता का? आमचा शेवटून पहिला नंबर आलाय."

"घेऊन जा ना ते."

"छे हो! आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. मीच टाकून जात जाईन. चालेल?"

नाही म्हणायलाही जोर लागतो. काकू दारातून बाजूला झाल्या.

मग ती रोज येऊ लागली. बटाट्याच्या साली, अंड्यांची टरफलं, पोरांनी अर्धवट खाल्लेली सफरचंदं. आल्यासरशी पोरांच्या तक्रारी सांगायची, काकू हं-हं करायच्या. हळूहळू वास सुटला. "काकू, सालींवर सुकी पानं टाकत जा," सफाईवाल्या बाईंनी सांगितलं. म्हणून काकू खाली जाऊन झाडाखालची पानं पिशवीत भरून आणू लागल्या. आणायची म्हणून आणायची. त्यात मन रमलं वगैरे काही नाही.

शाळांना सुट्टी लागली तेव्हा ती आई पोरांना घेऊन आपल्या माहेरी गेली. जाताना सांगूनही गेली होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी ठरल्या वेळी दार उघडलं. जिना सुनसान होता. त्या उंबऱ्यात थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग आपण वाट पाहतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही.