देव्हाऱ्यातली डिस्क

तिसगावात घरातच फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या अमृतचा दोन गोष्टींवर गाढ विश्वास होता. एक स्वतःवर आणि दुसरा, भाच्यानं बसवून दिलेल्या सॉफ्टवेअरवर. पहिल्याचा अनुभव त्याच्या बायकोला, राजेश्वरीला, लग्नापासून होता. दुसऱ्याचं कौतुक ती गेल्या दिवाळीपासून ऐकत होती. दुकानातला कॉम्प्युटर, मागच्या खोलीतला कॉम्प्युटर आणि साबणाच्या वडीएवढी एक काळी डिस्क, या तिन्हींत तेच ते फोटो ठेवायचं काम ते सॉफ्टवेअर आपलं आपण करायचं. एकात फोटो पडला की बाकी दोघांत हजर.

"याला बॅकअप म्हणतात," अमृत गिऱ्हाइकांना सांगायचा. "जग बुडालं तरी तुमचं लग्न बुडणार नाही." आणि मग राजेश्वरी ऐकते आहे याची खात्री करून, "आमच्याकडं काही माणसं सोमवार धरतात, गुरुवार धरतात, चतुर्थी धरतात. आपलं काम बिनउपवासाचं."

राजेश्वरी वाती वळत राहायची. उपाशीपोटी भांडू नये, एवढं व्रतांनी तिला शिकवलं होतं. आणि आठवड्यातले बरेच दिवस ती उपाशीच असायची.

खंडेनवमीला तिनं रिवाजाप्रमाणं हत्यारं पुजली. देव्हाऱ्यापुढं पाट मांडला, त्यावर कॅमेरा, फ्लॅश, लेन्सा आणि शेजारी ती काळी डिस्क. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नसतो. कॉम्प्युटर पाटावर मावेनात, म्हणून त्यांना जागच्या जागीच गंध लावलं.

"वायर घालायची खाच तेवढी मोकळी सोड," अमृत म्हणाला. "देवाला ती लागत नसेल, मला लागते."

कॅमेरा पाटावर गेला तसा अमृत रिकामा झाला, आणि रिकाम्या माणसाला आवराआवर सुचते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर जागा उरली नव्हती. त्यानं गंधाकडं दुर्लक्ष करून वैशाखातली सगळी लग्नं निवडली आणि कायमची पुसून टाकली. मागच्या खोलीत आहेतच की.

दसऱ्याच्या सकाळी छबूबाई आली. श्रावणात तिचा नवरा पुंजाराम गेला, म्हणून तिच्या घरात यंदा सण नव्हता. ती उंबऱ्यापाशी बसली.

"अमृता, म्हाताऱ्याचा फोटू पायजे. मोनिकाच्या लग्नातला. हसल्याला."

"पुंजारामबाबा हसले होते?" अमृतनं विचारलं. गावात कुणीही हेच विचारलं असतं.

"तूच काढलाय की. जेवनाच्या पंगतीत." मोनिका म्हणजे तिची नात, बेलापूरला दिलेली. "पोरीचा आल्बम बेलापूरला हाय, पर त्यात समदी तिकडचीच मानसं. घरात आधारकार्डावरचा मोठा करून लावलाय. त्यात म्हातारं पकडून आनल्यावानी दिसतंय. सुना भिंतीपुढून जाताना अजून दबकत्यात. हसल्याला दुसरा न्हाई बाबा, जलमात एकदाच हसलं ते."

"एवढंच ना," म्हणत अमृत मागच्या खोलीत गेला. गेला तो लवकर आलाच नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा आधारकार्डावर शोभला असता.

त्यानं पुण्याला भाच्याला फोन लावला. फोन स्टुलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. "संदीप, मी दुकानातनं वैशाख पुसला, तर मागच्या खोलीतला पण गेला."

"जाणारच, मामा. एकीकडं ठेवलं की ते दुसरीकडं ठेवतं. एकीकडं पुसलं की दुसरीकडं पुसतं."

"तू तर बॅकअप म्हणाला होतास."

"मी सिंक म्हणालो होतो. बॅकअप तुम्ही म्हणायला लागलात."

राजेश्वरी फुलं निवडत ऐकत होती. नवऱ्यानं जे केलं तेच आपण करायचं आणि का म्हणून विचारायचं नाही, अशी पतिव्रता तिनं आजवर पोथीतच वाचली होती. ती आपल्याच मागच्या खोलीत नांदते आहे, याची तिला कल्पना नव्हती.

अमृतनं फोन बंद केला आणि एकदम त्याला पाट आठवला. "डिस्क! काल ती जोडलेलीच नव्हती. आण इकडं, आत्ता जोडतो."

"उत्तरपूजा व्हायची आहे," राजेश्वरी हळू आवाजात म्हणाली.

"अगं, इथं माणसाचा फोटो गेलाय."

"म्हणून तर. देवाला मधेच कसं उठवायचं?"

"करू दे बाबा पोरीला पुजा," छबूबाई म्हणाली. "तुजं बिनउपासाचं काय झालं ते बगितलं मी."

राजेश्वरीनं आरती सुरू केली. एरवी ती दोन कडव्यांत आटपायची. त्या दिवशी तिला सगळी कडवी आठवली, गणपतीची, देवीची, खंडोबाचीसुद्धा. भक्तीत थोडा राग मिसळला तर देव रागावत नसावा, असं तिला वाटलं. अमृत टाळ्या वाजवत उभा होता. ताल चुकत होता आणि डोळे डिस्कवरून हलत नव्हते.

कापूर लावला तोच फोन वाजला. संदीपच होता.

"मामा, त्या काळ्या डिस्कवर असतील फोटो. पण जोडू नका अजून. जोडली की ते सॉफ्टवेअर तिच्यावरचं पण पुसेल. जोडली नाही ना?"

अमृतच्या टाळ्या थांबल्या. "नाही," तो म्हणाला. "आरती चाललीय."

"चालू द्या. संपली की आधी सॉफ्टवेअर काढून टाकू, मग जोडा."

राजेश्वरीनं कापूर विझेपर्यंत वाट पाहिली, तीर्थ दिलं, अक्षता टाकल्या आणि डिस्क पदराच्या टोकानं पुसून नवऱ्याच्या हातात ठेवली. त्यानं संदीपला विचारत आधी सॉफ्टवेअर काढलं, मग ती जोडली. वैशाख जसाच्या तसा होता. पंगतीत पुंजाराम बसला होता, दात दिसत होते.

फोटो छापून हातात देताना अमृतचा आवाज पूर्ववत झाला. "म्हणून मी एक प्रत नेहमी वेगळी ठेवत असतो, मावशी. कशालाही न जोडलेली. ही आपली पद्धतच आहे."

"व्हय," छबूबाई म्हणाली. "बगितली की तुजी पद्धत. लई तालात टाळ्या वाजवीत हुती."

राजेश्वरीनं प्रसाद पुढं केला आणि हसू पदराआड नेलं. छबूबाईनं फोटो उजेडाकडं धरला.

"मला वाटलं हुतं, माज्याकडं बगून हसलं," ती म्हणाली. "जिलबीकडं बगतंय मुडदं."

मग तिनं फोटो पदरात गुंडाळला. "ऱ्हाऊ दे. भिंतीवर जिलबी न्हाई. आता माज्याकडंच बगंल."