डोळे मिटून बोलणारं घर

आमच्या घरात कुणाला काही सांगायचं असलं की ते देवाला सांगतात.

आई गेली तेव्हा चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले होते. म्हणाले, रोज जेवणाआधी एकत्र बसा, प्रत्येकानं मोठ्यानं प्रार्थना करा, सवय लागली की घर सावरेल. सवय लागली. आधी बाबा, मग ताई, शेवटी मी. एकाची प्रार्थना चालू असताना दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. सगळी गोम तिथंच.

सुरुवातीला आम्ही तिघं आईसाठी रडायचो. मग एकदा बाबा म्हणाले, "हे स्वर्गीय पित्या, भाजीत मीठ नसलं तरी या अन्नासाठी तुझे उपकार मानतो."

ताईची पाळी आली. "प्रभू, ज्यांना मीठ कमी वाटतं त्यांना मिठाचा डबा कुठं असतो तेही दाखव."

मला हसू आवरेना. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "आमेन म्हण, गाढवा."

तीच रीत पडली. पलंगावर टाकलेला ओला टॉवेल, माझं उशिरा उठणं, ताईचं फोनवर बोलत बसणं, सगळं देवामार्फत. समोरासमोर बोलणं 'चहा ठेवलाय' एवढंच. आत्या राहून गेली, म्हणाली, "काय देवभिरू घर आहे, भांडणाचा आवाज म्हणून नाही."

ताई कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. तिला दुसऱ्या शहरात कटिंग मास्तरची जागा मिळाली. जायचं तिचं पक्कं होतं. बाबांच्या तोंडून फक्त 'जा' ऐकायचं होतं.

मी म्हटलं, "परवानगी कशाला पाहिजे तुला?"

"परवानगी नको रे. आई असती तर जा म्हणाली असती. कुणीतरी म्हणायला नको का?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं ताटं मांडली आणि सरळ विचारलं. "बाबा, मी सकाळी निघतेय. जाऊ ना?"

"प्रार्थनेची वेळ झाली," बाबा म्हणाले. हात जोडले, डोळे मिटले. "प्रभू, आजकालच्या लेकरांना पंख फुटलेत. म्हातारपणी बापाला एकटं टाकणाऱ्यांना तूच सुबुद्धी दे."

म्हणजे मी हिशेबातच नाही. असो.

ताईची पाळी. मी एक डोळा किलकिला केला. ती डोळे उघडे ठेवून बाबांकडे बघत होती.

"बाबा, मी तुमच्याशी बोलतेय. देवाशी नाही."

बाबांच्या पापण्या हलल्या. उघडल्या नाहीत. "आमेन म्हण," ते म्हणाले.

ती उठली. जेवली नाही. सकाळी बॅग तिनंच खाली नेली, मी धरायला गेलो तर म्हणाली, "तू बाबांकडे बघ." बाबा अंघोळीला गेले होते. नेहमीपेक्षा बराच वेळ.

त्या संध्याकाळी ताटं मी मांडली. बाबांनी सुरुवात केली, आवाज बसलेला. "प्रभू, पोरीची गाडी नीट पोहोचू दे. जा म्हणावं तिला. सुखानं जा म्हणावं."

मी फोन पुढे केला. "हे तिला सांगा ना. आत्ता. लावून देतो."

"मी देवाशी बोलत होतो. मधे बोलू नकोस."

मग मीच ताईला फोन केला, सगळं सांगितलं.

"कधी म्हणाले?"

"आत्ता, प्रार्थनेत."

"मग देवच करेल मला फोन," ती म्हणाली आणि ठेवून दिला. त्यानंतर माझाही उचलत नाही.

पाळकसाहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तू एकट्यानं प्रार्थना करत जा, दार लावून." केली. खोलीत गेलो, कडी घातली, गुडघे टेकले. ताईसाठी मागायचं होतं. तोंडातून निघालं, "प्रभू, ज्यांना पोटच्या पोरीशी बोलायची लाज वाटते त्यांना..." आणि आवाज भिंतीपलीकडे जाईल एवढा मोठा.

पलीकडे न्हाणीघरात बाबांनी नळ सोडला.