शिंप्याचा लाल अंगठा

सभागृहाच्या दारापासून टपाल कचेरीपर्यंत रांग गेली होती. आत पांढऱ्या कोटातला वंशतज्ज्ञ ओरडत होता, "अंगठा टेकवा, वंश ओळखा! तोंड खोटं बोलेल, रक्त खोटं बोलणार नाही!"

ओल्या पिवळ्या कागदावर अंगठा दाबायचा. लाल उमटला तर तुम्ही या देशाच्या मूळ रक्ताचे. पिवळा राहिला तर पूर्वज बाहेरचे.

माझ्यापुढे आमच्या गल्लीतला शिंपी होता. त्याचा अंगठा लालभडक उमटला. टाळ्या पडल्या. मी घड्याळं दुरुस्त करतो. माझा कागद पिवळाच.

"वाईट वाटून घेऊ नका काका. पाहुण्यालाही आम्ही पाणी विचारतो," तज्ज्ञ म्हणाला. हशा पिकला.

तेव्हाच घरी जायला हवं होतं. पण पिशवीत बायकोचा एप्रन होता. ती लोकांचे कपडे धुवायची. तिला जाऊन सात महिने झाले, एप्रन मी न धुता तसाच सोबत बाळगतो. मी तो पुढे केला आणि तज्ज्ञाने त्याच्या कोपऱ्याला कागद दाबला. लाल.

"बघा, बाईंचं आणि शिंपीदादांचं मूळ एकच!"

शिंप्याने मान खाली घातली. तो मला हसतोय असं वाटलं. तुटक्या बटणांचे कपडे घेऊन बायको दर आठवड्याला त्याच्या दुकानात जायची, परतायला उशीर करायची. तीस वर्षं मी विचारलं नव्हतं. आता कागदच सांगत होता की ती त्याच्यातली होती, माझ्यातली नव्हती.

मुलगी रक्तपेढीत काम करते. दोन दिवस मी जेवलो नाही तेव्हा तिने खोदून विचारलं. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, शिंपीकाका कापडावर खुणा कशाने करतात?"

"साबणाच्या चिपेने."

"आणि आईचे हात दिवसभर कशात असायचे?"

मी पिशवीतून एप्रन काढून त्याचा कोपरा चाचपला.

दुसऱ्या दिवशी तिने भरल्या सभागृहात अंगठा टेकवला. पिवळा. मग ओल्या साबणावर घासून टेकवला. लाल. हात धुऊन पुन्हा टेकवला. पिवळा.

"दोन मिनिटांत माझे पूर्वज या देशाचे झाले आणि पुन्हा बाहेरचे झाले?" ती म्हणाली. "हा हळदीत बुडवलेला कागद आहे. साबण लागला की लाल होतो. पूर्वज साधारण कुठले याचा थोडा माग जनुकांत मिळतो, पण त्यात सरहद्दी आखलेल्या नसतात. शुद्ध रक्त कोणाचंच नसतं. चालत चालत, लग्नं करत करत आपण सगळे इथवर आलोय."

तज्ज्ञ मागच्या दाराने गेला. कोट खुर्चीवरच राहिला.

वाटेत मुलगी म्हणाली, "आईला आजारपणात रक्त द्यावं लागलं तेव्हा तुमचं चाललं. शिंपीकाकांचं नाही."

माझी छाती फुगली.

"त्यानेही काही सिद्ध होत नाही हं, बाबा. रक्तगट कोणाचाही कोणाशी जुळू शकतो."

"ते कळलं. पण तो रक्त द्यायला आला होता?"

"अर्धी गल्ली आली होती!"

घरी येऊन मी एप्रन पुन्हा पाहिला. दोन दिवस मी तिच्यावर रागावलो होतो, तेही तिच्याच हातच्या साबणावरून. वाचणाऱ्यांनो, मत्सर माझा अजून गेलेला नाही, खोटं कशाला सांगू? पण कोण आपलं आणि कोण परकं हे कोणी कागदावर दाखवू लागला, तर आधी हात धुऊन या आणि पुन्हा टेकवा.