रात्रीचा पिवळा चष्मा

काच प्रकाश निर्माण करीत नाही. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग ती अडवते आणि उरलेला पुढे सोडते. हे वाक्य मी भालकीच्या शाळेत दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगत असे आणि त्याला आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. १९५४ च्या जानेवारीत तेच वाक्य मी माझ्या थोरल्या बहिणीच्या ओसरीवर उच्चारले, तेव्हा तिचे यजमान निंगप्पा दाजी भाकरी अर्धी टाकून ताटावरून उठले.

"मास्तर, तुम्ही पुस्तकातलं सांगायलाव," हात धुता धुता ते म्हणाले. "मी डोळ्यानं बघायलोय."

वादाचा विषय एक पिवळा चष्मा होता. दाजींच्या एका मित्राने तो हैदराबादेहून आणला होता. रात्री समोरून येणाऱ्या मोटारीचा झोत याने डोळ्यांत जात नाही, उलट रस्ता अधिक उजळ दिसतो, असे विकणाऱ्याने त्याला सांगितले होते. दाजींनी तो रात्री अंगणात घालून पाहिला, कंदिलाकडे पाहिले, आणि विकणाऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे उचलले.

दाजी आडत व्यापारी उद्धवराव यांच्या लॉरीवर ड्रायव्हर होते. आदल्या पावसाळ्यानंतर, एका संध्याकाळी अंधार पडल्यावर हळ्ळीखेडच्या वळणावर समोरून दुसरी लॉरी आली, तिच्या दिव्यांनी दाजींचे डोळे दिपले, आणि पुढे चाललेली बैलगाडी त्यांना दिसली ती तिचे मागचे फळकूट मोडल्यावरच. माणूस वाचला, बैलही वाचले. गाडीला कंदील नव्हता, त्यामुळे पंचांनी दाजींना दोष दिला नाही. दाजींनी स्वतःला दिला. त्यानंतर दिवस मावळला की ते लॉरी जिथे असेल तिथे उभी करीत. आता तुरीचा हंगाम सुरू झाला होता. माल पहाटे गुलबर्ग्याच्या डाळीच्या गिरण्यांवर पोहोचला पाहिजे, म्हणजे लॉरी भालकीहून संध्याकाळी निघाली पाहिजे. उद्धवरावांनी स्पष्ट सांगितले होते, की निंगप्पा रात्री चालवणार नसेल तर सोमवारपासून उदगीरचा ड्रायव्हर येईल.

म्हणून हा चष्मा. तो मिळाल्यापासून दाजी पुन्हा मोठ्याने बोलू लागले होते.

ते बाहेर गेल्यावर चंद्रम्माअक्का माझ्यासमोर बसली.

"शिवू, मला एकच सांग. ह्या चष्म्यानं ह्यांना जास्त दिसतंय का न्हाई?"

"न्हाई दिसत."

"तू बघितलास?"

"बघायची गरज न्हाई, अक्का. काचेचा गुणधर्मच आहे तो."

"मग तुझ्यात अन् ह्यांच्यात फरक काय? त्यांनी कंदील बघून सांगितलं, तू तेवढंबी न बघता सांगायलास. चष्मा खोटा असंल तर ते घालून त्यांनी गाडीवर बसू नये. मला नवरा पाहिजे. अन् खरा असंल, तर उगं बोलून त्यांची उमेद मोडू नको. लई दिवसांनी आलीय ती."

हा आक्षेप योग्य होता. तत्त्वावरून निष्कर्ष काढणे वेगळे आणि तो तपासून पाहणे वेगळे, हेही मी त्याच नववीच्या वर्गाला सांगत असे. मी चाचणी घेण्याचे ठरवले.

उद्धवरावांची वखार लांबलचक होती आणि लॉरी आत शिरेल एवढी उंच. रविवारी भर दुपारी आम्ही ती आत घेतली, दारे लावली आणि फटींवर गोणपाट टांगले. अंधार पुरेसा झाला. लॉरीच्या पुढे उजव्या हाताला एका स्टुलावर पेटती गॅसबत्ती ठेवली. ती समोरून येणारी मोटार. लॉरीच्या पुढच्या पट्टीला वात बारीक केलेला कंदील बांधला. तो दाजींचा स्वतःचा दिवा. त्याच्या क्षीण उजेडाच्या कडेला, डाव्या बाजूस, बंडेप्पा हमाल काळी घोंगडी पांघरून अनवाणी उभा राहणार होता, किंवा राहणार नव्हता. त्याचे पाय वाजू नयेत म्हणून खाली पोती अंथरली होती.

"किंवा म्हंजे?" उद्धवरावांनी विचारले.

"प्रत्येक वेळी तो उभा असेल हे दाजींना माहीत असेल, तर ते न बघताच 'दिसला' म्हणतील. मुद्दाम नव्हे. माणसाची नजर तशीच चालते."

मी उद्धवरावांना एक तांब्या दिला. त्यात तुरीचे आणि जोंधळ्याचे दाणे मिसळलेले होते. दर खेपेस त्यांनी न पाहता एक दाणा काढायचा: तूर निघाली तर बंडेप्पाने उभे राहायचे, जोंधळा निघाला तर गोण्यांच्या थप्पीआड थांबायचे. चष्मा घालायचा की काढायचा, हेही दुसऱ्या दाण्यावर. दाजी केबिनमध्ये डोळे मिटून बसायचे, मी टाळी वाजवली की उघडायचे आणि "हाय" किंवा "न्हाई" एवढेच सांगायचे.

"जन्म गेला आडतीत," उद्धवराव म्हणाले, "पण एकेक दाणा मोजून माल कधी काढला न्हवता, मास्तर."

सुरुवात झाली. चष्मा घातलेला असताना दाजींचे उत्तर टाळीबरोबर येई. "न्हाई! एकदम साफ!" चष्मा काढल्यावर ते डोळे बारीक करीत, कपाळावर हात धरीत, कुरकुरत. "थांबा की... हाय वाटतंय... व्हय, हाय." एकदा बंडेप्पाला तुरीच्या धुळीने सणसणीत शिंक आली. मी ती खेप रद्द केली.

"रद्द कामून?" उद्धवरावांनी विचारले. "दिसला न्हाई तरी कळला की!"

"रस्त्यावरचे बैल शिंकून वर्दी देत नाहीत."

चाचणी संपल्यावर मी दारे उघडली. निकाल संदिग्ध नव्हता. बंडेप्पा समोर उभा असताना चष्मा घातलेल्या दाजींनी निम्म्याहून अधिक वेळा त्याला पाहिलेच नव्हते. चष्म्याविना ते त्याहून बरेच कमी चुकले होते. विशेष म्हणजे, ज्या खेपांत ते सर्वांत ठामपणे बोलले, त्यांतच ते सर्वाधिक चुकले होते. चष्म्याने त्यांची नजर वाढवली नव्हती, आवाज वाढवला होता.

उद्धवरावांना कारण हवे होते. कारण साधे आहे. पिवळी काच सगळ्यांकडूनच वाटा घेते. गॅसबत्तीकडे उधळायला भरपूर असते, तिचा वाटा गेला की डोळ्यांना आराम पडतो. काळ्या घोंगडीकडून डोळ्यांपर्यंत मुळातच नाममात्र प्रकाश येतो. त्यातला वाटा गेला की घोंगडी संपते. शिवाय पिवळी काच निळसर छटा जास्त अडवते, म्हणून सगळे ऊन पडल्यासारखे भासते. डोळ्यांना मिळालेला आराम आणि डोळ्यांना मिळालेले दृश्य या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि माणूस पहिलीलाच दुसरी समजतो.

"म्हंजे दिवसा उन्हात चालंल?" उद्धवरावांनी विचारले.

"उत्तम चालेल."

त्यांनी चष्मा उचलून स्वतःच्या नाकावर ठेवला आणि अंगणातल्या तुरीच्या ढिगाकडे समाधानाने पाहिले.

दाजी केबिनमधून उतरले नव्हते. मी पायरीवर चढलो.

"बराबर हाय तुमचं," ते समोर पाहत म्हणाले. "तुम्ही चष्मा काढून घेतलाव. आता मला काय देणार, मास्तर? त्याच्याबिगर ती बत्ती डोळ्यांत सुया घातल्यावानी लागायलीय. पयलं असं होत न्हवतं. हळ्ळीखेडापासून वाढत चाललंय. आंधळा व्हायलोय म्हणायचं का मी?"

मी डोळ्यांचा डॉक्टर नव्हतो आणि तसे सांगितलेही. परंतु "पयलं होत न्हवतं" हे निरीक्षण होते आणि निरीक्षणाला उत्तर देणे भाग असते. मी बंडेप्पाला पुन्हा दारे लावायला सांगितली, दाजींना खाली उतरवले आणि त्यांच्या जागी बसलो.

गॅसबत्ती मलाही सुयांसारखीच लागली. तिच्याभोवती एक दुधी वलय होते, पुढची अर्धी काच व्यापणारे, आणि त्यापलीकडचे काही दिसत नव्हते. माझे वय तेव्हा सव्वीस होते, डोळे निर्दोष होते. मी मान खिडकीतून बाहेर काढली. वलय नाहीसे झाले. मान आत घेतली, वलय परत आले.

"दाजी, इथं बसा. आता मुंडकं बाहेर काढून बघा."

त्यांनी पाहिले. आत घेतले. पुन्हा बाहेर काढले. असे ते कितीतरी वेळ करीत राहिले, आणि खालून उद्धवराव ओरडले, "अरे कासव हायस का ड्रायव्हर?"

"अण्णा," दाजी त्यांना म्हणाले, "माझे डोळे न्हाईत. काच हाय. काच!"

मी काचेच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवले. त्याला राखाडी, तेलकट लेप लागला. दाजींनी ते बोट पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

हळ्ळीखेडच्या प्रसंगानंतर त्यांच्या आई शरणम्मा यांनी मठातून विभूती आणली होती. दर सोमवारी दाजी तिचे तीन पट्टे काचेवर, आतून, बरोबर स्वतःच्या समोर ओढीत. आधीचे पट्टे पुसायला ते इंजिनाचे तेल पुसायचेच फडके वापरीत. तेलावर राख, राखेवर तेल, असे महिनोन्‌महिने. दिवसा ते जाणवत नाही, कारण प्रकाश सगळीकडून येतो. रात्री एकच झोत येतो आणि काचेवरला प्रत्येक कण त्या झोताने पेटतो. अपघात या लेपामुळे झाला नव्हता, लेप अपघातानंतरचा. पण रात्र असह्य केली ती त्याने, आणि त्यावर उतारा म्हणून चष्मा आला. एका बंदोबस्ताने दुसऱ्या बंदोबस्ताची गरज निर्माण केली होती.

"पुसून टाका," मी म्हणालो.

"अव्वाला कोण सांगणार?" दाजी म्हणाले. "तुम्हीच सांगा. तुम्ही सायन्सवाले."

शरणम्मा ओसरीवर शेंगा फोडीत होत्या. गळ्यातले लिंग पदराआड, कपाळावर विभूती. मी प्रकाशाचे विकिरण या विषयावर, कोणाच्या श्रद्धेला धक्का लागणार नाही अशा बेताने, बरेच लांबलचक बोललो. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"झालं का?" त्यांनी विचारले. "एवढं भ्यायलास कामून रे मला? काचेवर लाव म्हणून मी कवा सांगितलं?" त्या मुलाकडे वळल्या. "ए निंग्या, इभूत कुठं लावत्यात?"

"कपाळाला, अव्वा."

"मग गाडीचं कपाळ कंचं अन् डोळं कंचं, तुला कळंना व्हय? रोज चालवतोस की! डोळ्यांत राख घालून वर म्हणायलास, दिसंना."

अक्का पदर तोंडाला लावून आत पळाली. हसू आवरल्यावर ती वर्तमानपत्राचे तुकडे आणि चुलीतली चाळलेली राख घेऊन आमच्याबरोबर वखारीत आली, आणि घरातल्या कंदिलाची काच रोज जशी घासते तशीच तिने लॉरीची काच आतून-बाहेरून घासून काढली. राखेने राख निघते का, असे उद्धवरावांनी विचारले. तेल निघते, मी म्हणालो, आणि मग राखेला धरून बसायला काही उरत नाही. त्याच संध्याकाळी दाजींनी लॉरीच्या बॉनेटवर, अगदी पुढे, तीन पट्टे ओढले.

आम्ही वखारीतली चाचणी पुन्हा घेतली. बत्ती अजूनही त्रास देत होती, आणि मी दाजींपासून ते लपवले नाही: झोत हा झोतच राहणार, तो नाहीसा करणारे काही मला ठाऊक नाही. समोरून दिवे आले की वेग उतरवायचा, दिव्यांकडे न बघता रस्त्याची डावी कड धरायची, आणि दिवे मागे गेल्यावरही लगेच वेग घ्यायचा नाही, कारण दिपलेल्या डोळ्याला अंधार परत ओळखायला वेळ लागतो. पण बंडेप्पा आता त्यांना जवळजवळ दर खेपेस दिसला.

सोमवारी लॉरी निघाली. उदगीरच्या ड्रायव्हरला निरोप गेला नाही. उद्धवरावांनी मात्र अट घातली की पहिल्या खेपेला मास्तर सोबत बसतील. अक्काने भाकरी बांधून दिली आणि मला बाजूला घेऊन विचारले, "तुझी खात्री हाय?"

"बघून सांगतोय या वेळी."

हुमनाबाद मागे पडल्यावर समोरून एक लॉरी आली. तिचे दिवे दुरून वाढत गेले. दाजींनी पाय उचलला, नजर डाव्या कडेच्या दगडांवर ठेवली. दोन्ही हात चाकावर घट्ट होते. झोत आमच्यावरून गेला. दाजींनी वेग वाढवला नाही.

"गाड्या," ते म्हणाले.

मला काहीच दिसले नव्हते. मग दिसले. कडब्याने लादलेल्या बैलगाड्यांची रांग समोरून येत होती. एकीलाही दिवा नव्हता, आणि पहिली गाडी अर्धा रस्ता व्यापून होती. दाजींनी लॉरी डावीकडे घेतली आणि पुरेशा अंतरावर शांतपणे थांबवली.

"ए लॉरीवाल्या!" पहिला गाडीवान ओरडला. "दिवे घाल की खाली! बैलं बिचकायल्यात!"

दाजींनी पायाखालची कळ दाबून झोत उतरवला. बैल तरीही मान झटकीत होते. त्यांनी मोठे दिवे बंदच केले. अंधारात गाड्या एकामागून एक आमच्या शेजारून सरकू लागल्या, कडब्याची पाने खिडकीला घासत.

"कोण हाय रे ड्रायव्हर?" मधल्या एका गाडीवरून म्हाताऱ्याने विचारले.

"निंगप्पा. भालकीचा."

"बरं केलास थांबलास. मागची लॉरी थांबली न्हाई."

"एक कंदील बांधा की मामा, मागं-पुढं."

"बांधतो, बांधतो," म्हातारा म्हणाला, आणि ज्या सुरात म्हणाला त्यावरून तो बांधणार नव्हता.

शेवटची गाडी गेल्यावर दाजींनी दिवे लावले. रस्ता स्वच्छ दिसत होता, दिव्याच्या टोकापर्यंत. त्यापुढे अंधार होता आणि दाजी त्या टोकाच्या अलीकडे थांबता येईल एवढ्याच वेगाने चालले होते.

"मास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही झोपा आता. जागरणाची सवय न्हाई तुम्हाला. गुलबर्गा आलं की उठवतो."

मी डोके फळीला टेकले, डोळे मिटले, आणि वाटेतले कमलापूर कधी मागे पडले ते मला कळले नाही.