बावन्न अंश आणि भरताचा डबा

मित्रांनो, जगात जेव्हा जेव्हा काही थोर घडलं, तेव्हा त्याच्या तळाशी एक अढळ, खंबीर, कशानंही न डगमगणारा आधार होता. आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेत तो आधार म्हणजे मी. फक्त मी सतत हलत असतो.

मी एक जुना शेकर आहे. कपडे धुण्याच्या मशीनएवढी पेटी, आत काचेचे चंबू धरणारे चिमटे, वर झाकण, पुढे आकडे दाखवणारी छोटी खिडकी. चंबू आत ठेवायचे, किती अंश गरम हवं ते सांगायचं, की मी त्यांना मिनिटाला दीडशे फेऱ्यांनी गरगरवत बसतो. माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. ट्रकमधून येताना माझ्या चौथ्या पायाचं रबर कुठेतरी पडलं. प्रयोगशाळेचे शिपाई उखर्डूनाना, मूळचे शिंदखेड्याकडचे, बोलणं अहिराणी. त्यांनी खिशातून पुतणीच्या लग्नाची पत्रिका काढली, तिची चौघडी घातली आणि माझ्या पायाखाली सरकवली. नवरा-नवरीच्या नावावर मी उभा राहिलो तो आजतागायत.

पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला. विभागप्रमुख मोतीलाल सर भाषणात म्हणाले, "हे यंत्र आपल्या संशोधनाचं हृदय आहे." सहा वर्षांनी थंड करण्याची सोय असलेला नवा शेकर आला, तेव्हा ते हृदय खिडकीखाली पश्चिमेच्या उन्हात सरकवण्यात आलं. नवा शेकर एसीत राहायचा. तो जुन्या विद्यार्थ्यांना मिळे, आणि जो नवीन येई त्याच्या वाट्याला मी.

तशी माझ्या वाट्याला अरिबा आली. एरंडोलची. पीएच.डी. करायला आली होती, पण तिचं खरं भांडण कॉस्टिक सोड्याशी होतं.

केळीचा घड उतरवला की खोड टाकून देतात. त्या खोडातून रेशमासारखा धागा निघतो, पण त्याला चिकट गोंद असतो. तो काढायला कारखान्यात धागा कॉस्टिक सोड्यात उकळतात. अरिबाची आई जमीला एरंडोलच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गळके हातमोजे घालून तो धागा धुवायची. दहा वर्षांत तिच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या, की रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठाच ओळखेना. दर महिन्याला दुकानदार म्हणायचा, "भाभी, पुन्हा लावा." ती पुन्हा लावायची.

मित्रांनो, एन्झाइम म्हणजे जिवंत पेशी बनवतात तो एक इवलासा कामगार. एक गोष्ट खातो, दुसरीला तोंड लावत नाही. अरिबाला असा कामगार हवा होता जो गोंद खाईल, धागा सोडेल आणि माणसाच्या कातडीला हात लावणार नाही. तसा एक होता, पण तो शेडमधल्या उकाड्यात दुपारपर्यंत मान टाकायचा. म्हणून ती त्याच्या रचनेत इथे एक, तिथे एक बदल करून नवे अवतार बनवत होती. दोनशे बारा बनवले. प्रत्येकाला नंबर दिला आणि मे महिन्यात आधी माझ्यात सदतीस अंशांवर धाग्याबरोबर फिरवायला ठेवलं. त्यातून चांगले निवडायचे आणि मग त्यांना तापवून पाहायचं, असा बेत होता.

निकाल आला. दोनशे अकरा नापास. फक्त एकशे अडुसष्टनं धागा लख्ख केला.

सरांनी तेच प्रयोग नव्या शेकरमध्ये करायला लावले. तिथे जवळजवळ सगळेच पास.

"दोन मशीन, दोन निकाल," सर म्हणाले. "यातलं एक खोटं बोलतंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सदतीस दाखवत फिरत होतो. निष्पापपणाचा याहून चांगला देखावा मला जमत नाही.

"दोन आठवड्यांनी समिती बसेल," सर अरिबाला म्हणाले. "मे महिन्याचे सगळे आकडे बाद धर. आणि खरं सांगू, हा विषय सोड. तिसरं वर्ष आहे तुझं. ह्या वेळी समिती मुदत वाढवणार नाही."

माझ्या पोटावर खडूनं 'भंगार' लिहिलं गेलं. अक्षर सुंदर होतं.

दुसऱ्या दिवशी उखर्डूनाना मला ढकलत न्यायला आले आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"याले भंगारमा टाकतस," ते अरिबाला म्हणाले, "मंग मी मना डबा कोठे ठेवू?"

"कसला डबा, नाना?"

"भरीतना. याना झाकनवर ठेवस मी. जेवाना वखतले गरम ऱ्हास."

अरिबा वहीत डोकं घालून बसली होती. तिनं डोकं वर काढलं. "किती गरम?"

"तोंड पोळस, एवढं."

"नाना, सदतीस अंशांनी कुणाचं तोंड पोळत नाही. आपल्या अंगातच सदतीस असतात."

"ते माले काय माहीत, माय? मे महिना शे. बठ्ठंच तपेल शे."

आणि मित्रांनो, घोळ नेमका हाच होता. माझा गरम करणारा खटका होळीच्या सुमारास आतल्या आत चिकटला होता. तो बंदच होत नव्हता, आणि खिडकीतला आकडा सदतीसवर गोठला होता. माझं झाकण उघडताना अरिबाचा हात रोज पोळत होता. दुसऱ्या गावात कुणीही ओरडलं असतं. पण मे महिन्यात जळगावच्या माणसाला नळ पोळतो, कडी पोळते, गाडीची सीट पोळते; तो हात झटकतो आणि कामाला लागतो. शेकर पोळला याची दखल कोण घेणार?

अरिबानं माझ्यात थर्मामीटर घातला. बावन्न.

तिनं ती काचेची नळी पुसून पुन्हा आत घातली. पुन्हा बावन्न. मग हळूच म्हणाली, "म्हणजे एकशे अडुसष्ट बावन्न अंशांवर काम करत होता."

"चांगलं शे का वाईट शे?" नानांनी विचारलं.

"नाना, अम्मीच्या शेडमध्ये दुपारी हौदातलं पाणी पन्नासला जातं."

एकशे अडुसष्ट पुन्हा पुन्हा पडताळण्यात दिवस गेले आणि समितीच्या आधी चारच उरले. मोतीलाल सर म्हणाले, "शेडमध्ये दाखव, मग मानतो." मला टेम्पोत घालून एरंडोलला नेण्यात आलं, कारण नव्या शेकरला एसीतून कुणी बाहेर काढू देईना. माझ्यातले चंबू दाखला म्हणून, खरी परीक्षा हौदात. एका हौदात मूळचा एन्झाइम, दुसऱ्यात एकशे अडुसष्ट. पत्र्याखाली दुपार झाली. सर रुमालानं टक्कल पुसत होते. शेजारी मी फिरत होतो, आणि सांडलेल्या पाण्यात पायाखालची पत्रिका भिजत होती.

तीन वाजता पहिल्या हौदातला धागा तसाच चिकट होता. दुसऱ्यातला वर उचलला, तर बोटांमधून सुटा ओघळला.

जमीलानं तो हातमोजा घालूनच उचलला होता. तिनं लेकीकडे पाहिलं. "हाताला लागत नाही ना हे?"

"नाही अम्मी."

तिनं हौदात गार पाण्याच्या बादल्या ओतल्या, मोजा काढला आणि कोपरापर्यंत उघडा हात आत घातला. दहा वर्षांत पहिल्यांदा. मग ती म्हणाली, "कोमट आहे," आणि हात काढायचं विसरली.

सरांनी मानलं. समितीनं मानलं. दुसऱ्या वर्षी शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "बावन्न अंश निवडण्यामागे तुमचा विचार काय होता?"

"विचार नव्हता सर," अरिबा म्हणाली. "मशीन बिघडलं होतं. पण बिघडलंय हे मी मोजून सिद्ध केलं."

परीक्षक हसले आणि खाली सही केली. अरिबा डॉक्टर झाली. प्रबंधाच्या आभारात माझं नाव आहे, आणि त्याखाली भरताच्या डब्याचं. एरंडोलच्या शेडमधून कॉस्टिक सोड्याचे पिंप गेले. आणि दिवाळीनंतर एके दिवशी रेशन दुकानातल्या मशीननं जमीलाचा अंगठा पहिल्या फटक्यात ओळखला. दुकानदार सवयीनं "भाभी, पुन्हा..." म्हणाला आणि थांबला. एका मशीनला दुसऱ्या मशीनचं काम असं पोचतं.

माझा खटका बदलला. 'भंगार' पुसून तिथे पितळी पाटी लागली. मोतीलाल सर पाहुण्यांना सांगतात, "हे आमच्या संशोधनाचं हृदय." मी ऐकून घेतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर प्रेम करा, पण विश्वास ठेवण्याआधी महिन्यातून एकदा थर्मामीटर घाला. आणि आम्हाला टाकून देण्यापूर्वी शिपायाला एकदा विचारा.

बाकी मला काही नको. फक्त ती भिजलेली पत्रिका आता अगदी पातळ झाली आहे आणि मी डावीकडे कलतो. यंदा तुमच्या घरी लग्न असेल, तर एक जाडसर पत्रिका उखर्डूनानांच्या हाती द्या. जेवायला नाही बोलावलंत तरी चालेल.