डाव्या खांद्याची दुनळी

माझ्या दादाचा हात फार लवकर सुटतो. बाकी माणूस सोन्यासारखा, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. तिला काय, ते सोनं तिच्या गालावर पडत नव्हतं.

त्या दिवशी मी माझी पहिली स्वतःची बंदूक घ्यायला निघाले, तर हा आधीच बूट घालून दारात उभा. "तुला एकटीला कोणीही टोपी घालेल," म्हणाला. दोन वर्षं मी क्लबची बंदूक वापरत होते, हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला. उसनी बंदूक ती उसनीच. तिचा दस्ता माझ्या मापाचा नव्हता आणि प्रत्येक बाराला गालफडावर गुद्दा बसायचा. पंचवीसपैकी पंधरा तबकड्या फुटायच्या, त्यापुढे गाडी जाईना. वीस फुटल्या की क्लबच्या संघात जागा होती. ती जागा मला इतकी हवी होती की मी घरात कुणाशी धड बोलतही नव्हते.

दुकानदार काका क्लबचे जुने पंच. दुकान एवढंसं, मध्ये काचेचं टेबल, भिंतीवर साखळीत ओवलेल्या बंदुका. काकांची एक खोड क्लबभर प्रसिद्ध होती. ते बंदूक बंद करून हातात द्यायचे आणि घेणारा काय करतो ते बघायचे. नियम साधा आहे. बंदूक हातात आली की आधी उघडायची, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे आपल्या डोळ्यांनी पाहायचं, मगच खांद्याला लावायची. कोणी कितीही सांगो रिकामी आहे म्हणून. जो न उघडता नेम धरेल, त्याला काका गोड बोलून दारापर्यंत पोचवायचे.

सगळ्या दुनळ्याच, एकीवर एक नळी असलेल्या. पहिली मी उघडून पाहिली. दुसरीही, तिसरीही. काका मान हलवत होते, आणि दादा खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. ही जड घे, ती नको, हिला काय कळतंय.

"डोळे मीट," काका म्हणाले. "खांद्याला लाव. आता डोळे उघड. काय दिसतं?"

"नळीची डावी बाजू."

त्यांनी मला अंगठ्याने समोरच्या दिव्यावर नेम धरायला लावला, एकेक डोळा मिटायला लावला. मग म्हणाले, "पोरी, तुझा उजवा डोळा नुसता पगार खातोय, काम सगळं डावा करतोय. लहानपणी मार लागला होता का?"

"जिन्यावरून पडले होते," मी म्हणाले. इतकं पाठ होतं की विचारही करावा लागला नाही.

"बघून चालायची सवयच नाही हिला," खुर्चीतून आवाज आला.

मी नऊ वर्षांची होते. त्याच्या वहीवर माझ्या हातून पाणी सांडलं होतं. पट्ट्याचं बक्कल डोळ्यावर बसलं आणि तीन दिवस तो डोळा उघडला नाही. जिना नंतर आईने शोधून काढला. आम्ही तळमजल्यावर राहायचो.

काका आत जाऊन चौथी बंदूक घेऊन आले. "हिचा दस्ता डावीकडे झुकवलाय. डाव्या खांद्याला लावून बघ." बंदूक माझ्या हातात आली तोच दादा उठला.

"डावा खांदा? मी शिकवलंय तिला, उजव्याच खांद्यावर. तुम्ही बंदुका विका, अक्कल विकू नका."

"दादा," मी म्हणाले, "आपल्या घराला जिना कुठे होता?"

त्याने माझे केस धरले आणि कपाळ टेबलावर आपटलं. एकदा. मग परत एकदा, आणि काच तडकली. मी काचेच्या कारखान्यात काचा कापते. ती पाच मिलिमीटरची होती, हे मला त्या आवाजावरूनही कळलं. कपाळातून रक्त उजव्या डोळ्यात उतरलं. मी वळले, आणि बंदूक आपोआप डाव्या खांद्याला लागली.

ती बरोब्बर बसली. गाल दस्त्यावर, नळी नाकासमोर सरळ, टोकावरचा मणी दादाच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर. इतका नीट नेम मला कधीच लागला नव्हता. मी चाप ओढला.

कट्.

दादाने डोळे घट्ट मिटले होते. तेवढ्यात काकांची नळी साफ करायची पितळी सळई माझ्या मनगटावर बसली, आणि हाड मोडल्याचं मला कळलं. त्यांनी बंदूक हिसकावून घेतली आणि उघडली. एक लाल काडतूस टणकन उडून दादाच्या बुटापाशी पडलं. दुसरं खालच्या नळीत तसंच बसलेलं.

मी जमिनीवरच बसले.

"खोटी आहेत," काका म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "आत दारू नाही, छर्रे नाहीत. तीनदा उघडलीस, चौथ्यांदाही उघडतेस का ते बघायला घातली होती. तुला माहीत होतं खोटी आहेत ते?"

हो म्हणता आलं असतं. आमच्या घरात खोटं बोलायची शिकवणी लहानपणापासून होती.

"नाही," मी म्हणाले.

"उघडून पाहिलीस?"

"नाही."

त्यांनी बंदूक भिंतीवर परत लावली आणि साखळीला कुलूप घातलं. "क्लबला दोघांचीही नावं कळवतो. तुला बंदूक मिळायची नाही, माझ्याकडे नाही आणि कुठेच नाही. आता दवाखान्यात जा."

रस्त्यावर आम्ही दोन हात अंतर ठेवून चाललो. संघातली जागा गेली होती, मनगट सुजत होतं, आणि मला रडू येत होतं ते त्या जागेसाठी. डोळ्यात रक्त आलं म्हणून पुसायला मी चांगला हात वर केला.

दादा झटकन खाली वाकला. कोपर तोंडापुढे धरून, मान खांद्यात घालून.

अशी मी वीस वर्षं वाकत आले होते. त्याला तसं वाकलेलं बघून मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि हात आणखी थोडा वेळ तसाच वर ठेवावासा वाटला. काकांनी बंदूक दिली नाही, ते बरंच केलं.