कुंडीतली भेंडाची फुलं

शकुबाई भेंडाला हात लावायच्या आधी आंघोळ करायची. तळ्याच्या काठी मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत बाशिंगं करणारी ती एकटीच. पाऊसकाळ सरला की कमरेइतक्या पाण्यात उतरून ती भेंड या पाणझुडपाच्या काड्या उपटून आणायची, वाळवायची, सालायची. मग धारदार सुरीनं त्या पांढऱ्याशुभ्र गराचे कागदासारखे पापुद्रे काढून त्यांची फुलं वळायची. काम चाललेलं असताना पापुद्र्यांवरून कोणी ओलांडून जायचं नाही, उष्टा हात लावायचा नाही. नवरा-नवरीच्या कपाळावर चढणारी वस्तू, तिला विटाळ चालत नाही, हे तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. सासू गेली, पुढं नवराही गेला, पण हा नेम तिनं सोडला नव्हता.

त्या वर्षी माघात तिचा दीर मुखरू सकाळीच दारात येऊन उभा राहिला. मुखरू जंगलखात्याच्या बंगल्यावर पाणी भरायचा. पाच वर्षं रोजीवर होता आणि कधीतरी कायमचा चौकीदार होऊ या आशेवर जगत होता.

"वहिनी, बंगल्यावर बोलावलं तुमाले. बाईसाहेबानं."

"मले? काऊन?"

"फुलं पायजेत म्हंते. भेंडाची."

"कोनाचं लगन हाय?"

"लगन नाई. कुंड्याईत लावाले."

शकुबाईला आधी कळलंच नाही. बंगल्यावर गेली तेव्हा कळलं. रेंजर साहेबांची बायको ताराबाई नागपूरची. तिनं व्हरांड्यात पायरीच्या दोन्ही अंगांना कुंड्यांची रांग मांडली होती आणि नागपुरातून गुलाबाची, शेवंतीची रोपं आणवली होती. काही शेळ्यांनी खाल्ली, उरलेली वाळली. कुंड्यांत नुसत्या काटक्या उभ्या होत्या.

"गावात एका लग्नात तुझं बाशिंग पाहिलं मी," ताराबाई म्हणाली. तशी ती वाईट बाई नव्हती, हसून बोलायची. "किती हुबेहूब मोगरा केला होतास! तशीच करून दे. गुलाब, जास्वंद, सगळं. चांद्याहून मोठे साहेब येणार आहेत. व्हरांडा कसा भरलेला दिसला पाहिजे."

"बाईसाहेब, हे फुलं देवाधर्माचे, लगनाचे असतेत. मातीत नाई लावत कोनी."

"अगं, माती तर पवित्रच असते," ताराबाई म्हणाली. "आणि मुखरूचं नाव मी साहेबांच्या कानावर घातलंय बरं का."

मुखरू मागं उभा होता. त्यानं वहिनीकडं असं पाहिलं की शकुबाईला पुढं बोलवेना.

वर्षभराच्या बाशिंगांसाठी राखून ठेवलेली भेंडाची मोळी तिनं सोडली. मुखरूच्याच मुलीचं, गोकुळाचं लग्न वैशाखात होतं. तिच्या बाशिंगापुरतं भेंड तरी बाजूला काढू म्हणाली तर मुखरूच म्हणाला, "साऱ्याचे फुलं करा. गोकुळीचं मंग पाहू." काम हातात घेतल्यावर मात्र शकुबाईतली कारागीर जागी झाली. गुलाबाच्या पाकळ्यांना तिनं कुंकवाची कड दिली, शेवंतीला हळदीत बुडवलं, मोगरा तसाच पांढरा ठेवला. चिंचोक्याच्या खळीनं एकेक फूल बांबूच्या काडीवर बसवलं. कुंड्यांत ती फुलं रोवली तेव्हा एक मधमाशी येऊन जास्वंदीवर बसली. ताराबाईनं टाळ्या वाजवल्या. शकुबाई घरी जाताना दोनदा वळून बंगल्याकडं पाहत गेली. आपल्या हातची फुलं इतक्या उंच जागी कधी बसली नव्हती.

मोठे साहेब येऊन गेले. होळीच्या सुमारास ताराबाईनं मासोळी मागवली, म्हणून शकुबाई टोपलीत मरळ घेऊन बंगल्यावर गेली.

व्हरांड्यात लाकडाचा ठेकेदार गुणवंतराव आरामखुर्चीत पसरला होता. आत साहेबांचा दरबार चालला होता आणि हा आपली पाळी येईस्तो पान चघळत बसला होता. गाल फुगलेला. शकुबाई पायरीशी पोहोचली तेवढ्यात तो खुर्चीतून वाकला, कुंडीवर तोंड नेलं आणि पचकन थुंकला. लाल पिंक मोगऱ्यावर पडली. पाकळ्यांवरून ओघळत ती काडीवर आली, काडीवरून खाली. दोन बोटांनी ओठ पुसून त्यानं ती बोटंही कुंडीच्या काठाला पुसली.

शकुबाईनं टोपली खाली ठेवली. मग तिनं बाकीच्या कुंड्या पाहिल्या. कुठल्याच कुंडीत माती दिसत नव्हती. चावून टाकलेला चोथा, बिड्यांची थोटकं, सुपारीची खांडं, आणि त्या सगळ्यावर वाळलेल्या थुंकीचा तपकिरी थर. एका कुंडीत कोंबडीची हाडं होती, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. शेवंतीच्या खाली कोणीतरी शेंबूड शिंकरला होता. तो पाकळीला लोंबत वाळला होता. आणि उन्हानं त्या सगळ्याचा वास उठत होता, तंबाखूचा, आंबलेल्या तोंडाचा. माशा फुलाफुलांवर बसत होत्या, जणू खरीच फुलं.

इतवारी चौकीदार झाडू घेऊन आला. तिनं त्याला हळूच विचारलं, "हे काय गा, इतवारी?"

"काय बाई?"

"फुलाईवर थुकून राह्यले लोकं!"

इतवारीनं खांदे उडवले. "पयले खरे झाडं होते त बाईसाहेब वरडत, झाड मरते म्हनून. आता मरनार काय? साहेबबी तिथीच थुकतेत. पीकदानी उचलाचं माहं काम वाचलं."

मरळ घ्यायला ताराबाई बाहेर आली. तिनं कुंड्यांकडं पाहून नाक मुरडलं. "पुरुषांना सांगून उपयोग नाही, बघ. तू अजून एकदा नवी करून दे ना."

"भेंड सरलं," शकुबाई म्हणाली.

ती घरी आली आणि अंगणात ओकली. पोटात सकाळची आंबील होती ती सगळी गेली. राखेनं तिनं हात घासले, मनगटापर्यंत, कातडी लाल होईस्तोवर. गुणवंतरावाची किळस येत होती, पण त्याहून जास्त किळस आपल्याच बोटांची येत होती. ह्याच बोटांनी तिनं ती फुलं तिथं रोवली होती, आणि दोनदा वळून पाहिलं होतं.

वैशाख आला. तळ्यात चिखल उरला, भेंड कुठून मिळणार? शकुबाई मुखरूला म्हणाली, "गोकुळीचं बाशिंग शिंदीच्या पानाचं करतो. माही सासू करत होती पयले. चांगलं दिसते."

मुखरूला ते पटलं नाही. "पानाचं? नवरदेव पोंभुर्न्यासारख्या मोठ्या गावचा हाय, वहिनी. लोकं हासतीन. तुमी नका करू काही. मी पाहातो."

लग्नाच्या दिवशी मांडवात ताराबाईला खुर्ची दिली होती. रेंजरीणबाई आपल्या दारी आली म्हणून मुखरूचे पाय जमिनीला लागत नव्हते. आतल्या खोलीत शकुबाई गोकुळाला हळद लावलेलं लुगडं नेसवत होती. तेवढ्यात मांडवातल्या बायकांना दाखवून झालेला पुठ्ठ्याचा डबा घेऊन मुखरू आला.

"पाहा! बाईसाहेबानं सोताच्या हातानं करून देल्लं. शहरासारखं."

डब्यात बाशिंग होतं. पुठ्ठ्यावर चकमकीत कागद, त्यावर गुलाबी रंगाची फुलं दाटीनं चिकटवलेली. गोकुळाचा चेहरा खुलला. "मोठी माय, किती मस्त हाय वं!" ती म्हणाली आणि कपाळ पुढं केलं.

शकुबाईनं बाशिंग उचललं. एका पाकळीची घडी तिला ओळखीची वाटली. अशी दुहेरी घडी या भागात दुसरं कोणी घालत नव्हतं. तिनं फूल उलटं केलं. वरून गुलाबी रंग फासला होता, पण पाकळीच्या मुळाशी, खळीच्या आत, तपकिरी डाग मुरलेला होता. तिनं नाकाशी नेलं. अत्तराच्या खालून तोच वास आला.

"मुखरू, हे कुंडीतले फुलं होत."

"मंग? धुऊन घेतले तिनं. इतवारीच्या बायकोनं दोन पान्यातून काढले." मुखरूचा आवाज खाली आला. "चुप राहा, वहिनी. कोनाले समजते?"

"तुले मालूम होतं?"

तो डब्याचं झाकण शोधायला लागला. त्याला माहीत होतं. रोज त्याच व्हरांड्यातून तो पाण्याच्या कावडी नेत होता. शकुबाईला त्याच्या तोंडाकडं पाहवेना. आपल्या पोरीच्या कपाळाला दहा जणांची थुंकी बांधायला निघालेला बाप, आणि वर त्याचा आनंद!

"काय झालं?" गोकुळानं विचारलं.

"नका सांगू, वहिनी," मुखरू म्हणाला.

शकुबाईनं सांगितलं. काहीच लपवलं नाही. पान, बिड्या, हाडं, शेंबूड. गोकुळा ऐकत होती आणि तिचा हात आपोआप कपाळाकडं गेला. कपाळाला अजून काही लागलेलं नव्हतं, तरी तिनं पदरानं ते पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"मी नाई बांधत," ती म्हणाली.

"गोकुळे, बाईसाहेब बाहेर बसली हाय!"

"मंग तिच्या कपाळाले बांधा."

हे बोलणं मांडवात ऐकू गेलं. वराचा मामा उठून दारात आला, "काय भानगड हाय?" म्हणाला. मुखरू हात जोडून काहीतरी बडबडायला लागला. शकुबाई बाशिंग घेऊन बाहेर आली आणि ताराबाईसमोर उभी राहिली.

"बाईसाहेब, हे मी नाई बांधू देत. याच्यावर ठेकेदार थुकले होते. मी माह्या डोयानं पाहिलं."

ताराबाईचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "मी धुऊन घेतली होती सगळी," ती म्हणाली. "इतक्या प्रेमानं केलं मी. वाया गेली असती ती फुलं. भेंडाचीच तर आहेत!" तिला खरंच वाईट वाटलं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. तिचं काय चुकलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. जवळ बसलेल्या बायका मात्र हळूच सरकल्या. ज्यांनी बाशिंग हातात घेऊन पाहिलं होतं त्या रांजणाकडं हात धुवायला गेल्या.

मामा शहाणा माणूस. "हळदीचा दोरा बांधा पोरीले," तो म्हणाला. "लगन तेच्यानंबी लागते." दोरा बांधला, अक्षता पडल्या. ताराबाई जेवायला थांबली नाही.

मुखरूला पुढं कामावरून काढलं नाही, पण कायमही केलं नाही. त्याचा सगळा राग वहिनीवर निघाला. "तुमच्या सोवळ्यानं माह्या पोटावर पाय देल्ला," असं तो वस्तीत सांगत फिरला. काहींना ते पटलंही.

महिन्याभरानं गोकुळा माहेरी आली म्हणून शकुबाई तिला भेटायला मुखरूच्या घरी गेली. पोरगी जाडजूड झाली होती, हसत होती. गप्पा चालल्या होत्या तेवढ्यात शकुबाईची नजर वर गेली. पाण्याच्या घड्याच्या वर, भिंतीतल्या खुंटीला, ते बाशिंग टांगलेलं होतं. मुखरूनं ते फेकलं नव्हतं. चकमकीत कागद उचकटला होता आणि एक गुलाबी पाकळी सुटून खाली घड्याच्या झाकणावर पडली होती.

"बाईसाहेबाच्या हातचं हाय," मुखरू भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "असं कसं फेकू?"

गोकुळानं झाकणावरची पाकळी फुंकरीनं उडवली, घड्यातून पेला भरला आणि मोठ्या मायपुढं धरला. शकुबाईच्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तिनं पेला पोरीच्या हातातून घेतला, खाली ठेवला आणि बाहेर येऊन अंगणाच्या कडेला थुंकली.